बाचं तिसरं इंजेक्शन

मी नर्स आहे. वीस वर्षांहून जास्त झाली, टोकावड्याकडच्या एका उपकेंद्रात. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका मला घाबरतात, आणि घाबरावंच, कारण मी तोंडाची फटकळ आहे. ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोराचा ओठ फाटला, असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की मी तिला तिथल्या तिथे झापते, रक्तवाढीच्या गोळ्यांचं पाकीट हातावर ठेवते आणि समोर उभी करून पहिली गोळी गिळायला लावते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते करणारी बाई मीच. माझं मलाच ते अजून खरं वाटत नाही.

माझं माहेर वैशाखऱ्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत. सासर सापगावचं, नवरा आसनगावजवळ एका कंपनीत पाळीवर जातो. ऐन भातकापणीत, दिवाळी तोंडावर असताना, माझ्या बाला झटका आला. सकाळी एकटाच खाचरावर गेला होता. जेवायला आला नाही म्हणून आय बघायला गेली, तर बा बांधाला टेकून बसलेला, विळा बाजूला पडलेला, तोंड वाकडं झालेलं. आय म्हणाली, अंगावरनं वारं गेलं. मला फोन आला तेव्हा मी लसीकरणात होते. आयनं दोन वाक्यं सांगितली आणि मला कळलं की मेंदूत गुठळी अडकली आहे. बाला आधी मुरबाडला नेला, तिथून पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि बा नक्की किती वाजता पडला ते कोणालाच सांगता येईना. ते इंजेक्शन हुकलं.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. खोटं कशाला बोलू, हातापायाचं मला तेवढं वाटलं नाही. म्हातारा माणूस, खाटेवर बसला असता, आम्ही केलं असतं. मला त्याची वाचा हवी होती. मला त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि ती त्याच्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती.

तेरा वर्षांपूर्वी मला बाळ झालं ते मेलेलंच झालं. आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते, आणि गाडी येईपर्यंत घरातच मोकळी झाले. मुलगा होता. आयनं त्याला जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, बाच्या हातात दिला आणि बा दारातून बाहेर गेला. एवढंच मी बघितलं, ते गाठोडं आणि बाची पाठ. अशा लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर ती तिथे जाऊन बसेल, तिचं चित्त तिथेच राहील, पुढचं मूल राहणार नाही, असं म्हणतात. घरातला एकच पुरुष जातो, खड्डा करतो, येऊन आंघोळ करतो, आणि पुन्हा त्यावर चकार शब्द काढत नाही. बा तासाभरानं परत आला. विहिरीवर पाणी ओतून घेतल्याचा आवाज मी आतून ऐकला.

पुढचं मूल तसंही राहिलं नाही. तेरा वर्षं मी विचारलं नाही. कधी जीभ रेटली नाही, कधी वाटलं आता म्हाताऱ्याला कशाला छळायचं. पण माहेरच्या वाटेवर कुठे जरा उंचवटा दिसला, कुठे दोन दगड एकावर एक दिसले, की माझे पाय जड व्हायचे. मी वळसा घालून जायचे. बरोबर कोणी असलं की म्हणायचे, चपलेत खडा गेला.

बाला झटका आला त्याच वर्षी, पितरांच्या अवसेला, त्यानं कावळ्यासाठी पानं वाढली. त्याच्या आईबापाचं पान, भावाचं पान, आणि त्या सगळ्यांच्या शेवटी, पळसाच्या एका लहानशा पानावर दोन शितं आणि खिरीचा थेंब. मी विचारलं, "बा, हे कोनाचं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेव आधी. मग सांगतो." तेवढ्यात पाहुणे आले, पंगत बसली, मला साडेतीनची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा विचारीन. दिवाळी यायच्या आत तो बांधावर पडला.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण बोलणं नीट, माणसाला माणूस समजून. म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे एक चाचणी चालू आहे. दोन हार्मोन आहेत. पहिल्याची तीन इंजेक्शनं, एक दिवसाआड. त्यानं मेंदूतल्या मूळ पेशी जाग्या होतात, वाढतात. मग दुसऱ्याची तीन, रोज एक. त्यानं त्या नव्या पेशी कामाच्या पेशी व्हायला लागतात, असं वाटतंय. प्राण्यांत आशा दिसली आहे. माणसांचं मी तुम्हाला छातीठोक सांगणार नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आधी रोप काढायचं, मग लावणी."

ती हसली. "तसंच काहीतरी. आणि लावणीसारखीच वेळ सांभाळावी लागते. काही पेशंटना खरं औषध मिळतं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. कोणाला काय, ते मलाही कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही."

पहिलं हार्मोन कोणतं ते तिनं सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. गरोदर बाईच्या पोटातली वार जे तयार करते, ते. आमच्या उपकेंद्रात बाई येते, लघवीचे दोन थेंब पट्टीवर टाकते, आणि दिवस गेले असले तर दोन रेघा उमटतात, त्यातली दुसरी रेघ ह्याच हार्मोनची. मी विचारलं, "पुरुषाला चालतं?" ती म्हणाली, "चालतं." बानं डाव्या हाताचा अंगठा उठवला, मी साक्षीदार म्हणून सही केली. माझ्या अंगात हे एकदा आठ महिने वाहत होतं, आणि आता ते बाच्या दंडात जाणार होतं. हा विचार मी केला नसता तर बरं झालं असतं.

दोन इंजेक्शनं तिथे झाली. बा धोक्याच्या बाहेर होता, दिवाळी होती, आणि मुलगी नर्स. मॅडम म्हणाली, उरलेली घरी द्या, वेळ सांभाळा, ह्या कागदावर प्रत्येक वेळेची नोंद करा. मी उपकेंद्रातल्या लसींचा निळा डबा घेऊन गेले होते. त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये त्या बाटल्या ठेवल्या आणि मांडीवर डबा घेऊन गाडीत बसले. शेजारी बा, डोकं माझ्या खांद्यावर, तोंडातनं लाळ गळत होती. ती पुसत पुसत आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर आयला मी सगळं समजावलं. तिला कळावं म्हणून सोपं करून सांगितलं, आणि ती माझी पहिली चूक. म्हटलं, पोटुशी बाईच्या अंगात असतं ते औषध आहे. आय जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. बाच्या तोंडात पेज घालता घालता म्हणाली, "काय गो बाई, कितवा लागला तुमाला? चिंच आनू का आंबट? का राख खावीशी वाटतंय?" बाच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मीही हसले. त्या दिवसापासून आय त्याला तिन्हीसांजेला ओटीवर बसू देईना, भिजल्या केसांनी राहू देईना. मला ते मजेचंच वाटत होतं. ती मजा करते आहे आणि त्याच वेळी खरंच पाळते आहे, हे मला दिसायला हवं होतं. रोज पोटुशा बायकांमध्ये वावरणारी मी, आणि मला दिसलं नाही.

ग्रहण दिवाळीच्या मधल्याच दिवशी आलं, लक्ष्मीपूजन झालं होतं आणि पाडवा व्हायचा होता. सूर्य ग्रहणातच मावळणार, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिसेपर्यंत ग्रहण सुटलं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. आयनं सकाळीच पाण्याच्या हंड्यात, पिठाच्या डब्यात तुळशीची पानं टाकून ठेवली होती. तिसऱ्या इंजेक्शनची वेळ संध्याकाळी साडेपाच.

मी हात धुतले, बाटली काढली, सिरिंजचं पाकीट फोडलं. बाहेर उजेड तांबूस पडला होता, कोंबड्या वेळेआधीच खुराड्यात शिरत होत्या. आय दारात उभी राहिली.

"आज सुई नको गो."

"आय, हट. टाइम झाला."

"पोटुशीचं औषध हाय. तूच सांगितलास. पोटुशीला गराणात सुई लावत नाय. तिनं धरायची नाय, टोचून घ्यायची नाय."

"बा पोटुशी हाय काय?"

"औषध हाय ना."

एरवी मी तिला असं झापलं असतं की तिनं रात्रीपर्यंत तोंड उघडलं नसतं. मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ती अगदी हळू म्हणाली, "मागल्या टायमाला बी तू आयकलं नव्हतास."

तेरा वर्षांत हे वाक्य ह्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

मला सातवा महिना असताना, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी ग्रहण लागलं होतं. त्या दिवशी लसीकरण होतं. एकही बाई पोर घेऊन येईना, तेव्हा मी डबा उचलला आणि घरोघर गेले. अंगणात, उन्हाचा रंग बदललेला असताना, उघड्यावर उभी राहून मी पोरांना सुया टोचल्या. बायकांना दाखवायचं म्हणून मुद्दाम. पोटावर हात ठेवून म्हणाले, "बघा, मला काय झालं?" बा त्या दिवशी मला शोधत आला होता. "आजचा दिस घरी बस बाय," एवढंच म्हणाला. चार बायकांसमोर मी त्याला परत पाठवला. तीन आठवड्यांनी बाळ गेलं.

कशानं गेलं ते मला माहीत आहे. माझा रक्तदाब वाढला होता, वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं. दुसरी कोणी बाई असती तर मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं असतं आणि तिच्या सासूला दम दिला असता. ग्रहणाचा काही संबंध नाही. तेव्हाही नव्हता, त्या संध्याकाळीही नव्हता. आणि तरी माझा हात थांबला. मनात एवढंच होतं, की पुन्हा ग्रहण, पुन्हा सुई, पुन्हा मीच. आणि ह्या वेळी काही झालं तर जाणारा बाच असेल, आणि त्याच्याबरोबर ती जागाही जाईल.

बा माझ्याकडे बघत होता. बोलता येत नव्हतं पण त्याला सगळं समजत होतं, आयचं वाक्यही त्यानं ऐकलं होतं. त्यानं डावा हात उचलला, माझ्याकडे केला आणि तसाच धरून ठेवला. 'दे' म्हणत होता की 'थांब' म्हणत होता, मला अजून कळलेलं नाही. त्या हाताचा पंजा मी रोज डोळ्यांसमोर आणते, बोटं कशी होती ते आठवते. कधी वाटतं, मिटलेली होती. कधी वाटतं, उघडी होती.

मी बाटली परत फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी आयनं सूर्य बघितला, हात जोडले, आणि मग मी इंजेक्शन दिलं. चौदा तास उशीर. त्याच संध्याकाळी दुसऱ्या हार्मोनचं पहिलं इंजेक्शन ठरल्या वेळी दिलं, म्हणजे रोप पुरतं वर आलं की नाही ते न बघता लावणी. नोंदीच्या कागदावर तिसऱ्या इंजेक्शनपुढे मी आदल्या दिवशीची तारीख घातली आणि 'सायं. ५.३०' लिहिलं. सुवाच्य अक्षरात. आमच्या तालुक्यात माझ्या नोंदींचं कौतुक होतं.

मग दोन दिवस मला एकच घोर लागला. हे पाणी असलं पाहिजे. ते नुसतं सलाईनचं पाणी असलं तर मी चौदा तास उशिरा दिलं काय आणि महिनाभर दिलं नाही काय, सारखंच. मग दोष माझा नाही. मला माझ्याच बापाला पाणी मिळालेलं हवं होतं. हे मी इथे लिहिते आहे कारण तोंडानं हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तो विचारायचा, "कशाला एवढी झुरतेस, बा आहे ना?" मी म्हणायचे, "काही नाही, झोप होत नाही."

आणि ते पाणी आहे की औषध हे त्या डॉक्टर मॅडमला कळत नव्हतं, पण मला कळू शकत होतं. माझ्या पिशवीत पट्ट्या होत्या.

सकाळी बाचं लघवीचं भांडं मी स्वतः उचललं. गोठ्यामागे गेले, पट्टी फोडली, दोन थेंब टाकले. हजारदा केलेलं काम. पहिली रेघ आली. पहिली सगळ्यांनाच येते. मी मनात म्हणत होते, नको, दुसरी नको, एकच राहू दे. किती बायका माझ्यासमोर अशा बसल्या आहेत, कोणी 'येऊ दे' म्हणत, कोणी 'नको येऊ दे' म्हणत. मी त्यांना म्हणायचे, गप बस, पाच मिनिटं धीर धर. पाच मिनिटं लागलीच नाहीत. दुसरी रेघ पहिलीइतकीच ठसठशीत उमटली.

खरं औषध होतं. बाच्या नशिबी खरं औषध आलं होतं, आणि ते मी ग्रहणासाठी थांबवून ठेवलं होतं.

मी तिथेच शेणाच्या पाटीवर बसून राहिले. तेरा वर्षांपूर्वी माझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या त्यानंतर माझ्यासाठी पुन्हा कधी आल्या नाहीत. आणि आता आल्या त्या बाच्या. आय शेण उचलायला आली, तिनं माझ्या हातातली पट्टी बघितली. माझी आई आहे, पट्टी तिला वाचता येते. तिच्या हातातलं घमेलं खाली आलं. चाळिशी उलटलेल्या माझ्याकडे तिनं असं बघितलं, की तसं तिनं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"तुझी?"

मी मान हलवली. "नाय. बाची."

तिला आधी कळलं नाही, मग कळलं. ती हसली, आणि हसता हसता माझ्याशेजारी बसून रडायला लागली. मीही रडले. पण आम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींसाठी रडत होतो, आणि माझी गोष्ट मी तिला सांगितली नाही. सांगितली असती तर ती म्हातारी पुढचं सगळं आयुष्य, मीच थांबवलं, मीच थांबवलं, म्हणत बसली असती. सुई तिनं धरली नव्हती. सुई माझ्या हातात होती.

बा सावरला. तीन महिन्यांत काठी टेकत ओटीपर्यंत यायला लागला. उजवा पाय फरफटतो, पण चालतो. उजव्या हाताची दोन बोटं हलतात. मॅडमला तपासणीला दाखवला तेव्हा ती खूश झाली. तिनं त्याला घड्याळ दाखवलं, पेन दाखवलं, हे काय, ते काय. बा ओठ हलवायचा, घाम यायचा, आणि शब्द यायचा तो एकच. "हिथं." घड्याळ, हिथं. पेन, हिथं. आयकडे बोट केलं, हिथं. मॅडम म्हणाली, असं होतं, एकच शब्द सापडतो आणि सगळ्या कामाला तोच येतो, पुढे आणखी येतील.

मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मॅडम, एखाद्याचं इंजेक्शन उशिरा झालं असेल तर?"

"तर उशिरा म्हणून लिहायचं," ती म्हणाली. "त्यानं फरक पडतो का तेच तर बघायचंय. म्हणून वेळ लिहून घेतो. तुमच्यासारख्या नोंदी सगळ्यांनी ठेवल्या तर आमचं काम सोपं होईल." तिनं माझ्यासमोरच तो कागद फाइलीत लावला. त्या क्षणी बोलले असते तर बोलता आलं असतं. मी पिशवीची चेन लावली आणि बाला उठवलं. कुठल्या तरी दवाखान्यात, कोणाच्या तरी बापासाठी, माझं ते साडेपाच खरं धरलं जाणार आहे. हे मला ठाऊक आहे आणि तरी मी गप्प आहे.

पुढे आणखी शब्द आले. पाणी. नको. आयला हाक मारतो. मला 'बाय' म्हणतो. तेवढेच. गोष्ट सांगावी, वाट सांगावी, असे शब्द आले नाहीत.

शिमगा झाल्यावर एके दिवशी, आय दळणाला गेली होती, मी त्याच्यासमोर खाली बसले आणि तेरा वर्षांत न विचारलेलं विचारलं. "बा, माझं बाल कुठं ठेवलास?"

त्याला कळलं. ह्यात मला तिळभर शंका नाही. त्याचा चेहरा असा झाला की जणू तो कधीचा वाटच बघत होता. काठी घेऊन तो उठला, माझा हात धरला आणि मला घेऊन निघाला. एवढा वेगानं तो आजारानंतर कधी चालला नव्हता. ओढ्याच्या काठाला करवंदीची जाळी आहे, तिथे थांबला, काठीनं जमिनीवर टोचलं. "हिथं."

मी खाली बसले. माती हातात घेतली. तेरा वर्षं ज्यासाठी थांबले होते ते मिळालं, असं मला वाटलं, आणि मी मोठ्यानं रडले, पोरीसारखी. बा माझ्या डोक्यावर हात फिरवत उभा राहिला. मग त्यानं माझा हात ओढला. दहा पावलं पुढे, हेदीच्या झाडाखाली थांबला. "हिथं." मी त्याच्याकडे बघितलं. तो आजूबाजूला बघत होता, डोळे बारीक करून. पुन्हा निघाला. खळ्याच्या कडेला. "हिथं." वरच्या खाचराच्या बांधावर. "हिथं." प्रत्येक वेळी आवाज आणखी बारीक, आणखी घाबरलेला. शेवटी तो मध्येच उभा राहिला, काठी टाकली, आणि डाव्या हाताच्या मुठीनं आपल्याच कपाळावर मारायला लागला. "हिथं. हिथं. हिथं."

मी ती मूठ धरली. आत होतं ते. आतच कुठेतरी होतं, आणि त्याला ते बाहेर काढता येत नव्हतं. चौदा तास आधी दिलं असतं तर काढता आलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. मॅडमलाही सांगता येणार नाही, कारण तिच्या कागदावर ते वेळेतच दिलेलं आहे.

ह्याला आता अडीच वर्षं झाली. मी त्याला पुन्हा विचारलं नाही. पण तो विसरला नाही. मी माहेरी गेले की चप्पल काढायच्या आत तो काठी घेऊन उभा असतो. दर खेपेला नवी जागा. कधी विहिरीमागे, कधी पडीक शेताच्या कोपऱ्यात, एकदा तर थेट डांबरी रस्त्याच्या कडेला, एसटी थांबते तिथे. थांबतो, काठी टोचतो, माझ्याकडे बघतो. मी प्रत्येक वेळी खाली बसते, जमिनीला हात लावते, डोळे मिटते. त्यातली एखादी खरी असेल.